डोळ्याचा आकडा

चहाचा कप पुढे ठेवण्याआधी रेवतीने फोन बघितला, मग कौस्तुभकडे. पूर्वी हा क्रम उलटा असे, हे आता दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

"सरळ आहे," ती म्हणाली आणि निश्चिंतपणे पोह्यांवर खोबरं पेरू लागली.

फोनवर एक हिरवी रेष होती. ती कौस्तुभच्या मनाची होती. त्याच्या उजव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, तांदळाएवढी एक कुपी बसवलेली होती. डॉक्टर तिला स्वनियंत्रित कुपी म्हणत, बाकी सगळे नुसतं 'दाणा' म्हणत. दाणा रक्तातली काही रसायनं मोजायचा, ती घसरू लागली की नैराश्यावरचं नवं औषध कणाकणाने सोडायचा आणि या सगळ्याची रेष साक्षीदाराच्या फोनवर पाठवायचा. साक्षीदार म्हणजे घरातलंच एक जबाबदार माणूस. वाघोत्रे धरणाच्या वसाहतीत आणखीही दाणेवाले होते. लग्न जुळवताना लोक हल्ली पत्रिकेबरोबर रेषही मागतात, असं रेवतीची आई मालवणहून फोनवर सांगायची आणि स्वतःच हसायची.

पोहे चांगले झाले होते. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले हे कळावं, तसं कौस्तुभला ते कळलं. चार वर्षं असंच चाललं होतं. ऊन दिसायचं, पण अंगावर पडल्यासारखं वाटायचं नाही. मुलगी पुण्याहून फोनवर काही गमतीचं सांगायची आणि तो योग्य जागी हसायचा. वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटलं असतं तर रेष हलली असती आणि कोणीतरी काही विचारलं असतं. रेष सरळ होती, म्हणून तो बरा होता. बरा होता, म्हणून त्याची तक्रार कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

शेवटी तालुक्याच्या गावी जाऊन तो डॉ. बिल्किस नायकवडींना भेटला. बाई निवृत्तीला आल्या होत्या. पडद्यावरची रेष त्यांनी पाहिली, मग पडदा बाजूला सरकवून बराच वेळ त्यालाच न्याहाळलं. भूक, झोप, संगीत, राग, एकेक करत त्या विचारत गेल्या. राग शेवटचा कधी आला होता, हे त्याला आठवेना.

त्या म्हणाल्या, दाणा जे मोजतो तेच सांभाळतो. काहींचा आजार त्या मापात मावत नाही. अशांसाठी फार जुन्या वर्गातल्या काही गोळ्या आहेत, दाण्याच्या आधीच्या आणि दाण्याच्या आधी ज्या गोळ्या सर्रास देत त्यांच्याही आधीच्या. मेंदूतली उत्साहाची रसायनं मोडून टाकणारं एक विकर असतं, त्यालाच त्या अडवतात. पण हेच विकर पोटातही काम करतं. जुन्या, मुरलेल्या, आंबवलेल्या अन्नात एक द्रव्य तयार होतं, एरवी ते विकर त्याचा निकाल लावतं. ते अडवलेलं असताना असं काही खाण्यात आलं, तर रक्तदाब एकदम धोकादायक चढू शकतो. म्हणून पथ्य कडक.

"आणि नवं औषध अंगात असताना ही गोळी घेता येत नाही. दाणा काढायचा, दोन आठवडे काहीच घ्यायचं नाही, मग सुरुवात. गोळ्या लागू पडतील असं वचन मी देत नाही," त्या म्हणाल्या. "दाणा काढायला साक्षीदाराची संमती लागते. तिच्याशी नीट बोला."

घरी आल्यावर तो बोलला. पथ्याची यादी ऐकून रेवतीला आधी हसूच आलं. सुके बांगडे नाहीत, सोडे नाहीत, जवळा नाही. दर उन्हाळ्यात तिची आई एसटीच्या पार्सलने हे सगळं पाठवायची आणि ते पार्सल घरी आणताना बसमधले लोक नाक दाबायचे.

"म्हणजे सरळ माझ्या माहेरावरच बंदी," ती म्हणाली.

मग त्याने दोन आठवड्यांचं सांगितलं आणि तिचं हसू गेलं. दाणा नसेल तेव्हा रेष कुठे दिसेल, असं तिने विचारलं. कुठेच नाही, तो म्हणाला. गोळ्या सुरू झाल्यावर? तेव्हाही नाही. त्या गोळ्या कोणाला काही कळवत नाहीत.

"नाही," रेवती म्हणाली. "मला ते जमणार नाही, कौस्तुभ."

कारण त्याला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी एका सकाळी तो चहा पिऊन, डबा न घेताच कामावर गेला होता. जाताना तिने विचारलं होतं आणि तो "बरा आहे" म्हणाला होता. डबा द्यायला ती मागोमाग गेली, तेव्हा तो सांडव्यावरच्या कठड्याच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. दाणा बसेपर्यंत ती रात्रीची झोपली नव्हती. रेष दिसू लागली आणि तिला झोप लागू लागली. तिच्याकडून ती झोप कोणत्या तोंडाने मागायची?

तरी त्याने पुन्हा समजावून बघितलं. त्याचा आवाज वाढला नाही, तिचा वाढला. मध्येच तिने फोन त्याच्यासमोर धरला.

"हे बघ. मी रडतेय आणि तुझी रेष सरळ आहे. इतका शांत माणूस आजारी असतो का?"

तो रेषेकडे बघत राहिला. हाच आपला पुरावा आहे असं त्याला वाटलं, पण तो तिच्या हातात होता आणि तिच्याच बाजूने बोलत होता.

त्यानंतर काही दिवस तो नेमाने धरणावर कामाला गेला. आश्विन सरत आला होता आणि धरण जवळजवळ भरलेलं होतं. नियंत्रण कक्षात पूर्वा गुरव नावाची नवी अभियंता बसे. जलाशयाची पातळी तिच्या पडद्यावर आपोआप उमटायची. एके दिवशी तिने कौतुकाने दाखवलं, दोन दिवस पातळी एका रेषेत आहे, सर, जराही हललेली नाही.

कौस्तुभ खुर्चीतून उठला.

"काल वारा होता," तो म्हणाला. "केसभर तरी हलायला हवी होती. डोळ्याचा आकडा काय आहे?"

पूर्वाला ते समजलं नाही. तिचा दोष नव्हता. पूर्वी रोज सकाळी एक माणूस भिंतीवर रंगवलेल्या मोजपट्टीपाशी जाऊन पातळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा आणि कक्षात कळवायचा. यंत्राचा आकडा वेगळा नोंदायचा, डोळ्याचा वेगळा. दोन्हींत फरक पडला तर डोळ्याचा खरा मानायचा, अशी खात्यातली रीत होती. यंत्रं सुधारली, दोन्ही आकडे रोज सारखेच येऊ लागले, मग तो माणूस निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी कोणी आलंच नाही.

ते दोघं भिंतीवर गेले. मोजपट्टीवर पाणी यंत्राच्या आकड्यापेक्षा हातभर वर होतं. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला होता आणि भरलेल्या धरणात हातभर म्हणजे थोडं नव्हे. पूर्वाने धावत जाऊन भोंगा दिला, खालच्या गावांना कळवलं, खाली नदी ओलांडायच्या फरशीपुलावरून लोक बाजूला झाल्याची खात्री केली आणि दोन दरवाजे थोडे उचलले. वेळेत झालं. कोणाचं काही बिघडलं नाही.

कौस्तुभने मात्र घरी फोन लावला आणि रेवतीला मापनविहिरीपाशी बोलावलं. भोंगा ऐकून ती आधीच अर्ध्या वाटेवर आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि फोन मुठीत आवळलेला होता.

मापनविहीर म्हणजे धरणाच्या भिंतीला लागून असलेली एक उंच, अरुंद विहीर. तळाशी एक नळी तिला जलाशयाशी जोडते. बाहेर लाटा असल्या तरी आतलं पाणी फारसं हलत नाही आणि त्यावर तरंगणारा गोळा पातळी सांगतो. त्याने तिला आत वाकून बघायला लावलं. काळंभोर पाणी आरशासारखं स्थिर होतं. मग त्याने पंप सुरू करून नळीत उलटा झोत सोडला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बाहेरच्या बाजूला गढूळ ढग फुटला. त्याने पंप बंद केला, तशी विहीर तळापासून गुरगुरली, पाणी वर चढू लागलं आणि गोळा हेलकावत, भिंतींना आपटत वर आला.

"नळीत गाळ बसला होता," तो म्हणाला. "त्यामुळे बाहेर काहीही झालं तरी आत एकच आकडा."

रेवती हलणाऱ्या गोळ्याकडे बघत होती.

"म्हणजे मला इथपर्यंत गाळ दाखवायला आणलंस," ती म्हणाली. "तुझी नळी तुंबलीय, हेच सांगायचंय ना? मूर्ख नाहीये मी. त्या रात्री भांडताना मलाही ते दिसलं होतं. बघायचं नव्हतं."

त्याने मान डोलावली.

"दोन आठवडे मी काय बघू?"

"मला बघ. विचार. रोज विचार."

"तेव्हाही विचारतच होते की मी." तिचा आवाज अगदी खाली गेला. "त्या दिवशीसुद्धा विचारलं होतं. हा डोळ्याचा आकडा चुकला होता, कौस्तुभ. तो वाचूनच तर मी तुला जाऊ दिलं."

पलीकडे सांडव्यावरून पाण्याचा घोष येत होता. तिचं म्हणणं खरं होतं. मोजपट्टी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. एखाद्या यंत्राने आपल्या बाजूने काही सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला क्षणभर वाटून गेलं.

रेवतीने फोन उघडला. संमतीच्या चौकोनापाशी तिचा अंगठा थांबला. मग तिने फोन पालथा करून विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. रेष न बघता ती त्याच्याकडे बघत होती आणि किती दिवसांनी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"कसं वाटतंय?"

"बरा" हा शब्द जिभेवर तयार होता. तो त्याने गिळला.

"काहीच वाटत नाही, रेवती," तो म्हणाला. "फार दिवस झाले. तू रडत होतीस तेव्हाही वाटलं नाही. त्याची भीती वाटायला हवी, तीसुद्धा वाटत नाही."

तिने डोळे पुसले नाहीत. पालथ्या फोनमध्ये ती हिरवी रेष सरळच असणार, हे दोघांनाही माहीत होतं. तिने फोन उचलला, पण उलटला नाही, तसाच हातात धरून ठेवला.

"हे आज सांगितलंस," ती म्हणाली. "उद्या सकाळी चहाच्या वेळीही असंच खरं सांगशील?"