जागं राहण्याची चाचणी

ऑक्टोबरात साखरेच्या बीटची काढणी सुरू झाली की गावभर साखर कारखान्याचा आंबूस वास भरून राहतो आणि डॉ. मार्गिट होल्टर यांच्याकडे ट्रकवाल्यांची ये-जा वाढते. अमेरिकेच्या उत्तर डकोटा राज्यातल्या या गावात त्यांनी वीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काढली होती. पन्नाशीला आल्यावर त्या वर्षभर शहरात राहिल्या, निम्म्या वयाच्या पोरांशेजारी बसून झोपेच्या आजारांचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि सर्टिफिकेट मिळवलं. ते टिकवण्यासाठी दर तिमाहीला वैद्यकीय बोर्डाचे प्रश्न सोडवावे लागत. जेवणाचा डबा बाजूला सारून त्या ते सोडवत.

यंदा नूतनीकरण होतं. त्यांचं काम एक दिवसभर बघून इस्पितळातल्या दुसऱ्या डॉक्टरनं सही द्यायची होती आणि समितीनं त्यासाठी नेमले होते रॉस पेंडर, फुप्फुसांचे डॉक्टर. सर्दीपडशाच्या डॉक्टरनं सर्दीपडसंच बघावं, असं पेंडर कँटीनमध्ये मार्गिटना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणत. सही मिळाली नाही तर सर्टिफिकेट जाणार होतं आणि त्याबरोबर इस्पितळातली त्यांची झोपेची लॅबही. ती कोणाकडे जाणार, हे सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशीचा रुग्ण होता लायल ब्रेकी. त्याचा बीटनं भरलेला ट्रक भर दुपारी, सरळ रस्त्यावर, कडेच्या खड्ड्यात गेला होता. परवाना हवा तर जागं राहता येतं हे त्याला दाखवून द्यायचं होतं. चाचणी साधीच. अंधूक खोलीत, आरामखुर्चीत, डोक्याला वायरी लावून नुसतं जागं बसायचं. गुणगुणायचं नाही, चिमटे काढायचे नाहीत. पडद्यावरच्या मेंदूच्या लाटांत अर्धं मिनिट जरी झोप दिसली तरी बैठक संपली. मग आत जाऊन माणसाला नावानं हाक मारून उठवायचं. दिवसभरात अशा चार बैठका.

लायलची बायको नोरीन कोट न काढता बाहेरच्या बाकावर बसली होती.

पहिली बैठक सुरू झाली आणि लॅब सांभाळणारी आर्लिस खुर्चीत पुढे सरकली. पडद्यावर गाढ झोपेच्या लाटा होत्या, रुंद, संथ, समुद्रासारख्या. शेजारच्या कॅमेऱ्यात लायल उघड्या डोळ्यांनी समोर बघत होता. मधूनच त्याच्या पापण्या लवत होत्या. आर्लिसनं माइकवरून डावीकडे बघायला सांगितलं. त्यानं बघितलं. लाटा हलल्या नाहीत.

“वायरी कुठे लावतात ते शिकवलं होतं ना शहरात?” मार्गिटच्या मागे उभ्या पेंडरनी विचारलं.

आर्लिसनं सगळ्या वायरी बदलल्या, मग यंत्रही बदललं. त्याच वायरी स्वतःच्या डोक्याला लावून बघितल्या. तिची नोंद स्वच्छ जागेपणाची आली. दुसऱ्या बैठकीत लायलच्या लाटा पहिल्यापेक्षाही खोल होत्या. खोलीत गार झालं होतं, म्हणून आर्लिसनं हीटर वाढवला. तरी तिची बोटं पांढरी पडली होती.

पेंडर आता खुशीत आले होते. यंत्र बिघडलंय म्हणालात तर लॅब नालायक, तो जागा आहे म्हणालात तर तुम्हाला नोंद वाचता येत नाही, असं ते शांतपणे समजावत होते. “काय लिहिताय मग, बाई?”

चेहऱ्यावर नाही, नोंदीवर विश्वास ठेवा, असं मार्गिट शिकल्या होत्या. परीक्षेतही त्यांनी तेच लिहिलं होतं.

“झोपलाय,” त्या म्हणाल्या. “नियमाप्रमाणे उठवते.”

त्या स्वतः आत गेल्या. आतली हवा ओल्या मातीसारखी होती.

“मी जागा आहे,” लायल समोरच बघत म्हणाला. “हाक मारू नका.”

त्या थांबल्या. काचेपलीकडे पेंडर होते.

“मारू नका म्हटलं ना.”

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “लायल. लायल, उठा.”

स्पीकरमधून आर्लिसनं जोरात श्वास घेतलेला ऐकू आला.

खुर्चीतल्या माणसाचा चेहरा सैल पडला, मग भीतीनं गोळा झाला. त्यानं वायरींना हात लावला, भिंती बघितल्या. बर्फ कधी वितळलं, असं त्यानं विचारलं. मग स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले. “ट्रक कोण चालवतंय?”

“जागा झालाय,” स्पीकरमधून पेंडरचा आवाज आला. आवाजातला टोमणा गेला होता. “नोंद बरोबर आहे, होल्टर. मी सही करतो.” मग दार लागल्याचा आवाज आला. ते निघून गेले होते.

हाक ऐकून नोरीन दारात येऊन उभी राहिली होती. लायलनं तिला बघितलं आणि रडायला लागला. लहान मुलासारखे त्यानं दोन्ही हात पुढे केले.

ती आत आली नाही.

“याला मी दोन हिवाळ्यांपूर्वी शेवटचं बघितलं,” ती मार्गिटना म्हणाली. “हा झोपल्यावर याच्या अंगात जो जागा असतो, त्या दुसऱ्याची आता मला सवय झाली. परत झोपवा याला.”

लायलनं ते ऐकलं. त्याचे हात हळूहळू खाली आले. तो खुर्चीत मागे टेकला, आज्ञाधारकपणे, आणि त्यानं डोळे मिटले.

“लायल,” मार्गिटनी हाक मारली. पुन्हा मारली. खांदा हलवला.

“गाढ झोपेच्या लाटा परत येताहेत, डॉक्टर,” आर्लिस स्पीकरवरून म्हणाली.

त्याचे डोळे उघडले. ओले होते, पण शांत.

“मी पास ना?” त्यानं विचारलं.

नोरीन आता आत आली होती. वाकून ती त्याची कॉलर नीट करत होती.