ओळीशेजारचं नाव

ऑफिसखालच्या बेकरीत बनित्साचा, म्हणजे पनीर भरलेल्या पापुद्र्यांच्या पेस्ट्रीचा, शेवटचा तुकडा पुढच्या उंच माणसानं उचलला, आणि मागे उभ्या असलेल्या नेवेनाचं तोंड उतरलं.

"तुम्हाला हवा होता का?"

"नाही," ती म्हणाली. साफ खोटं.

त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, तुकडा दोन भागांत मोडला आणि मोठा अर्धा कागदावर तिच्यापुढे ठेवला. पनीर अजून वाफाळत होतं. नेवेनानं तो खाल्ला, पण संशयानं. सकाळी आठ वाजता अनोळखी बाईला मोठा अर्धा कोण देतं? नक्की काहीतरी हवं असणार.

अर्ध्या तासानं तोच माणूस ऑफिसात तिच्या टेबलाशी उभा.

"मी यावोर. सोफियाहून आलोय. तुमचं तिकिटांचं काम बघायला."

घ्या. म्हणजे बनित्साची लाच होती तर!

प्लोवदिवहून सोफियाकडे आणि समुद्राकडे जाणाऱ्या बसगाड्यांची तिकिटं जे सॉफ्टवेअर काढतं, त्यातला तिकिटांचा सगळा भाग नेवेनानं एकटीनं लिहिला होता. चार वर्षं घातली होती त्यात. कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी ती शेवटची कुणी लिहिली त्याचं नाव दिसतं, आणि इथं वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं... नेवेना. दुसऱ्यानं ओळ उचलून भलतीकडे ठेवली, की नाव त्याचं लागतं. आता तीन आठवड्यांनी, शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होतं, तिचं काम ठेवायचं की मोडीत काढायचं. आणि यावोर जातो तिथं जुनं काही शिल्लक राहत नाही, असं सगळे म्हणत.

"तुमच्या कोडमधलं तिकीट स्वतःचं भाडं स्वतःच ठरवतं?" पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं.

"मग काय शेजारणीला विचारायचं त्यानं?"

तो हसला. हसताना डावी भुवई वर जायची त्याची. नेवेनानं ते मुद्दाम पाहिलं नाही, दिसलं.

"काल सोफियाहून मी बर्गासचं नुसतं भाडं विचारलं — आणि तिथं माझ्या आजीच्या नोंदवलेल्या फोनवर निरोप गेला, की तुमचा नातू येतोय. बिचारीनं मिरच्या भाजायला घेतल्यात."

"मग जा ना आजीकडे."

"विचारलं तर उत्तर द्यावं. गुपचूप आणखी काही करू नये," तो म्हणाला. "हिशेब वेगळा, निरोप वेगळा. बाकी तुमची कोडमधली सीट मात्र झकास आहे. आपल्यावर कोण बसलंय ते तिचं तिला माहीत, आत कुणी हात घालू शकत नाही. ती मी बदलणार नाही."

बरोबरच होतं त्याचं. म्हणून तर जास्त राग आला. ऑफिसात सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. नेवेनानं त्याला हट्टानं 'तुम्ही'वरच ठेवलं.

दिवस गेले तसा संशय वाढत गेला. काम फार तर चार दिवसांचं. हा दुसरा आठवडा संपला तरी खाली मान घालून बसलेला. ती जवळून गेली, की त्याच्या संगणकाचा पडदा झटकन बदलायचा. आणि रोज सकाळी तिच्या टेबलावर कागदात अर्धा बनित्सा...

"कुठंतरी पाणी मुरतंय, मावशी," ती गिंकामावशीला म्हणाली. गिंकामावशी सगळ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायची आणि माणसांमधल्याही.

"गोगलगाय नि पोटात पाय," मावशी सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाली. "पण त्याचं काम उघडंच आहे की सगळ्यांना. बघत का नाहीस?"

"मी कशाला बघू?"

"भितेस."

भीत होती खरी. आपलं नाव पुसलेलं तिला बघवलं नसतं.

शेवटी गुरुवारी धीर केला तिनं. बाहेर भुरभुर पाऊस, खिडकीतून लिंडनच्या फुलांचा गोड वास. तिनं त्याचं काम उघडलं. तिचं ते अवाढव्य तिकीट सुटं झालं होतं. भाड्याचा हिशेब एकीकडे, निरोप दुसरीकडे, सीट जशीच्या तशी. वाचताना सुख वाटत होतं. मग तिनं श्वास धरून ओळींशेजारची नावं पाहिली.

नेवेना. नेवेना. नेवेना...

मधूनच एखादी छोटी ओळ, सांधा जोडणारी, तिच्याशेजारी यावोर.

"हे कसं शक्य आहे?" ती पुटपुटली. मावशीनं चष्मा चढवला आणि बदलांची यादी खाली खाली नेली. तीनशेच्या वर बारीक बदल. प्रत्येक तुकडा लांबच्या वाटेनं, जपून सरकवलेला, जुनं नाव निसटू नये म्हणून.

"सरळ उचलून ठेवलं असतं, तर चार दिवसांत झालं असतं," मावशी म्हणाली. "एवढी उठाठेव कुणी करत नाही गं."

नेवेनाला स्वतःची लाज वाटली, आणि फार फार बरं वाटलं.

शुक्रवारी बैठक वीस मिनिटांत आटोपली. काम राहिलं. नेवेनाचं नावही. यावोर बॅग घेऊन बाहेर लिंडनखाली उभा होता. पाचची सोफियाची बस.

"पडदा का लपवायचात?" तिनं गाठलंच त्याला.

"तुम्ही वेड्यात काढलं असतं."

"काढलंच असतं. नावं का जपलीत?"

"हिशेब तुमचेच होते. जागा चुकली होती, हिशेब नाही."

"एवढंच?"

तो बॅगेच्या बंदाशी खेळत राहिला.

"उठाठेव तर नावांसाठीच होती. पण दोन आठवड्यांतही झाली असती," तो हळूच म्हणाला. "आणि झाली असती, तर मला परत जावं लागलं असतं..."

"म्हणजे पाणी मुरत होतंच."

"पहिल्या बनित्सापासून."

नेवेनानं पर्समधून फोन काढला, मान खाली घालून काहीतरी केलं. यावोरचा चेहरा पडला. एवढं सांगितलं, आणि ही फोनमध्ये!

त्याच्या खिशात फोन थरथरला. त्यानं वाचलं. पाचच्या बसमधलं त्याचं चौदा नंबरचं तिकीट रद्द झालं होतं.

"हे... चुकून गेलं का?" त्यानं विचारलं. "निरोप अजून आपोआप जातोय?"

"नाही," नेवेना म्हणाली. कान लाल झाले होते तिचे. "तू दुरुस्त केलंस ना ते. आता निरोप मुद्दाम पाठवावा लागतो."