बोटांवरची चांदी

"हात कुठे काळे केलेत?"

प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी बोटं घासत उभ्या असलेल्या तिनं मान वर केली. चष्मा कपाळावर चढवलेला कुणीतरी नळ मोकळा व्हायची वाट पाहत होता.

"सिल्व्हर नायट्रेट. धुऊन जात नाही," ती म्हणाली. "आणि हातच काळे झालेत, तोंड नाही."

तो खालच्या मजल्यावर कॅन्सरच्या पेशी वाढवायचा, म्हणून सगळे त्याला माळी म्हणत. तिनं बनवून तपासायला पाठवलेली औषधाची बाटली त्याच्याकडेच गेली होती. बाटलीत तिची दोन वर्षं होती... प्लॅटिनमचे तीन अणू एका लांब साखळीत ओवलेले. एक अणू पेशीच्या डीएनएला एकाच जागी धरतो. तिघांनी दूरदूर धरलं, तर पेशीला सुटता येऊ नये, एवढी साधी आशा.

तेव्हापासून तिचं बूड जागेवर ठरेना. कधी बर्फ आणायला, कधी उगीचच ती खाली जायची.

"मेल्या का?"

"पेशींना तुमच्यासारखी घाई नसते."

"आणि तुम्हाला?"

"मला तर... मुळीच नाही." असं म्हणून तो खुर्ची पुढे सरकवायचा. मग गप्पा कुठल्या कुठे जायच्या.

निकाल आला. पेशी ठणठणीत होत्या. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, विषय बंद करू. दुसऱ्या शहरात एक नोकरीची जागा आहे, तिकडे जा. ती रडवेली होऊन खाली आली.

"कशात विरघळवलंत?"

"नेहमीच्याच द्रावकात. डीएमएसओत. आम्ही सगळंच त्यात विरघळवतो."

"त्यातलं गंधक प्लॅटिनमला चिकटतं. पेशीपर्यंत पोचायच्या आधीच माझ्या औषधाचे हात बांधले गेले."

त्याचा चेहरा उतरला. "मी विचारायला हवं होतं."

"मी सांगायला हवं होतं. रोज येऊन जगभरचं बोलले... तेवढंच राहिलं."

बाटलीत चिमूटभरही उरलं नव्हतं. तिनं सरांकडून कशीबशी महिन्याची मुदत मिळवली आणि सगळं पहिल्यापासून करायला घेतलं. तो मदतीला वर येऊ लागला. चांदीचा साका गाळताना त्याचा हातमोजा फाटला आणि त्याचीही बोटं काळी झाली. या वेळी औषध मिठाच्या पाण्यात विरघळवलं. घरी आई म्हणाली, "जरा बस की. पायाला भिंगरी लागलीय का?" तिला जेवण जाईना. इथून जायचं नव्हतं, आणि ते नुसतं प्लॅटिनमसाठी नव्हतं, हे तिला पुरतं कळून चुकलं होतं.

शेवटी त्याचा फोन आला. ती धावतच खाली गेली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मागच्या वेळी दाटीनं पसरलेल्या पेशी आता आकसून, सुटून तरंगत होत्या. तिला पुढचं दिसेना, डोळे भरून आले होते.

"एकदा आलं म्हणजे खरं नव्हे," तो म्हणाला. "अजून दोनदा करावं लागेल. तू... असशील ना इथे?"

ते 'तू' ऐकून ती वळली.

"पेशी जगल्या असत्या, तरी विचारणार होतो," तो म्हणाला. "जाऊ नकोस. माझ्यासाठी."

तिनं त्याची काळी बोटं आपल्या काळ्या बोटांत घेतली.

"हे जाईल का गं?"

"कातडी निघाली की जातं. थोड्या दिवसांत."

"मग पुढची बाटली करताना बोलाव. हातमोजे न घालता येतो."

"घालूनच यायचं," ती म्हणाली, पण हात काही सोडला नाही.