अप्पांच्या हातचा पुडा

परभणी स्टेशनाबाहेर रिक्षात बसताना ऋतुजानं देवाला एकच मागितलं होतं, पिशवी फाटू नये. देवाला त्या दिवशी फुरसत नसावी. पहिल्याच खड्ड्यात पिशवीचा तळ गेला आणि सात रंगीत चेंडू, लाकडी कड्या अन् एक खुळखुळा रिक्षाभर पसरला. शेजारच्या तरुणानं चेंडू पायानं अडवले. खुळखुळा मात्र हातात घेऊन नीट वाजवून बघितला.

"दुकान कुठं लावता तुमी?" त्यानं विचारलं. "जत्रेत का?"

"मी पुण्याला एम.ए. करायलेय," ऋतुजा कानापर्यंत लाल होत म्हणाली. "थेरप्युटिक रिक्रिएशनमध्ये."

"म्हणजे...?"

हे 'म्हणजे' दोन वर्षांपासून तिच्या मागं लागलं होतं. तिच्या गावी, पिंगळीत तर नागनाथअप्पांनी पोरीला पुण्याला खेळायला धाडलंय, असं अर्ध्या गावाचं मत होतं, आणि नागनाथअप्पा, म्हणजे तिचे वडील, बिचारे ते मुकाट ऐकून घ्यायचे. तिनं सवयीनं सांगितलं, की औषधानं शरीर उठतं पण मन अंथरुणातच राहतं. मग त्या माणसाच्या आवडीचा खेळ, गाणं, छंद हाताशी धरून त्याला परत जगण्यात आणायचं. त्याची रीतसर तालीम असते. तरुण ऐकत होता, आणि मान खाली घालून हसत होता. हसू चोरीचं असल्यागत. ऋतुजानं तेवढ्यात दोनदा त्याच्याकडं बघून घेतलं.

पाचच मिनिटांत त्याचं नावही कळलं, कारण दोघं एकाच गल्लीत उतरले, एकाच दारात थांबले, आणि आतून भागम्मा आजींनी "सोमेश्वर, आलास का रे?" अशी हाक दिली. डॉक्टरांनी ऋतुजाला ज्या पेशंटकडं पाठवलं होतं, ते मन्मथअप्पा त्याचेच आजोबा. घराच्या पुढच्या अंगाला पन्नास वर्षांचं किराणा दुकान. अप्पांच्या अंगावरून वारं गेल्यापासून ते सोमेश्वरच बघायचा.

अप्पांचा उजवा हात हलत होता, पण त्यात जोर राहिला नव्हता. ऋतुजानं हात जोडून 'शरणार्थ' म्हणत नमस्कार केला आणि चेंडू पुढं केला, तर ते म्हणाले, "मी काय लेकरू हाय का?" आणि भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी कड्या, तिसऱ्या दिवशी कॅरम, चौथ्या दिवशी भजन... तोंड भिंतीकडंच. चौदा आठवड्यांचं ट्रेनिंग, एक पेशंट, एक अहवाल. अहवाल पडला की वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की वडिलांनी बजावलंच होतं, मग पुस्तकं ठेव अन् स्थळ बघू.

पाचव्या दिवशी तिनं चहा पिता पिता भागम्मा आजींना विचारलं, अप्पांना आवडायचं तरी काय? आजी म्हणाल्या, कशाचा छंद न् काय, दुकान हाच छंद. पुडी बांधायला लागले की गिऱ्हाईक सामान विसरून हाताकडं बघायचं. ऋतुजा चहा टाकून उठली. रद्दीचे कागद अन् दोऱ्याची गुंडी आणून तिनं अप्पांच्या मांडीवर ठेवली. अप्पांनी कागद हुंगला. मग घडी घातली... वाकडी, पण घातली.

"ह्या गल्लीतल्या समद्या साखरपुड्यांची साखर म्या बांधली," ते म्हणाले. "नातवाची तेवढी राहिली."

नातवाला दारात जोराचा ठसका लागला. ऋतुजानं वहीत लिहिलं : उद्दिष्ट, साखरेचा पुडा, स्वतःच्या हातानं. पुण्याच्या तिच्या मार्गदर्शक अर्पिता मॅडमना फोनवर विचारलं, हे तर काम झालं, मनोरंजन कसं? मॅडम म्हणाल्या, माणूस आपखुशीनं करतो ना, मग झालं.

ठरलं असं, की रोज दहा पुड्या अप्पांनी बांधून डब्यात टाकायच्या आणि शनिवारी ऋतुजानं मोजायच्या. पहिल्या शनिवारी डब्यात, अख्ख्या आठवड्याच्या मिळून, दोन पुड्या होत्या. "छान आहे की," ती म्हणाली, पण चेहरा काही ऐकेना. दुसऱ्या शनिवारी वीस निघाल्या. मग चाळीस. मग भरगच्च साठ, एकेक कशी चापूनचोपून! तिच्यासमोर मात्र एक पुडी बांधताना अप्पांना घाम फुटायचा. सोमेश्वर म्हणायचा, लाजतात तुमच्यासमोर. तिनं मानलं. त्याचं काहीही ती हल्ली मानायची. तो चहाबरोबर शेंगदाणे अन् गूळ आणून ठेवायचा, आणि तिचा खुळखुळा परत द्यायचं रोज विसरायचा. तो त्यानं दुकानात तराजूच्या वरच टांगला होता.

बाराव्या आठवड्यात, मॅडम काम तपासायला यायला दोनच दिवस उरले असताना, भरदुपारी पाऊस आला. ऋतुजा दुकानाच्या पत्र्याखाली थांबली. चंद्रभान नावाचं गिऱ्हाईक मोटरसायकलवरूनच ओरडलं, पावशेर साबुदाणा. सोमेश्वरनं पुडी बांधली आणि शेवटी दोऱ्याचा एक कान ठेवला, हँडलला अडकवायला. चंद्रभाननं अडकवली अन् गेला.

ऋतुजा त्या हँडलकडं बघतच राहिली. डब्यातल्या साठच्या साठ पुड्यांना असाच कान होता. अप्पांच्या पुडीला कान नसायचा. त्यांच्या काळातलं गिऱ्हाईक पायी यायचं.

"डब्यातल्या पुड्या तुमी बांधल्यात," ती म्हणाली.

सोमेश्वरनं नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "पहिल्या शनिवारी दोनच निघाल्या तवा तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. ते... मला बघवलं न्हाई."

"त्या दोन खऱ्या होत्या, सोमेश्वर."

एवढं बोलून ती भर पावसात चालायला लागली. तो छत्री घेऊन स्टेशनापर्यंत मागं आला, पण तिनं वळून बघितलं नाही. पिंगळीला घरी येऊन ती पोटभर रडली. वर्ष जाणार म्हणून रडली खरी, पण जास्त रडली ती ज्याच्यावर जीव बसला त्यानंच आपल्याला फसवलं म्हणून. मग तोंड धुतलं, अहवालातले सगळे आकडे काढून टाकले आणि मॅडमना फोन करून होतं ते सांगितलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, मी येतेय.

मॅडम आल्या तेव्हा सोमेश्वर दारातच उभा होता. त्यानं आधी स्वतःची चूक कबूल केली, मग त्यांना पाणी विचारलं. आत अप्पा आज भिंतीकडं नाही, दाराकडं तोंड करून बसले होते.

"साखर आणा," ते म्हणाले.

साखर आली. थोडी सांडली. कागद एकदा फाटला, दुसरा घेतला. सोमेश्वरचा हात नकळत पुढं आला, तर अप्पांनी त्यावर चापट मारली. दोरा दोनदा सुटला... तिसऱ्यांदा बसला. गाठ ढिली होती, पण गाठ होती. आणि शेवटी अप्पांनी दोऱ्याचा बारीकसा कान ठेवला.

"हे पोरगं माझ्या नावानं पुड्या बांधायचं," ते मॅडमना म्हणाले, "अन् मला ती गाठ बघवंना. कसली ढब न्हाई का ढंग न्हाई. मंग ते जेवायला गेलं की म्या गपचूप बांधायचो. बांधायचो अन् सोडायचो. त्याला दाखवतो की काय!"

ऋतुजाला हसू आलं आणि रडूही. मॅडमनी चष्मा पुसला. म्हणाल्या, खोट्या नोंदीवर सही करता येत नाही. सहा आठवडे वाढवून देते, पहिल्यापासून खरे आकडे लिही. अहवाल तेव्हा बघू. वर्ष तूर्त तरी वाचलं होतं. सोमेश्वर तोंड पाडायची शिकस्त करत होता, पण सहा आठवडे ऐकून त्याला ते जमेना.

मॅडम रिक्षात बसल्यावर अप्पांनी तो पुडा ऋतुजापुढं धरला. "नागनाथअप्पाला दे. म्हणावं, मन्मथअप्पानं स्वतः बांधलाय."

"अप्पा!" सोमेश्वर पुरता गोरामोरा झाला. "आधी त्यांना विचारायचं तरी..."

"मंग इचार की. तोंड कशाला दिलंय देवानं?"

सोमेश्वरनं मान वर केली. पहिल्यांदाच तो खाली न बघता, सरळ तिच्याकडं बघत होता. "परत कधी खोटी गाठ बांधणार न्हाई," तो म्हणाला. "तुमी मला लय आवडता, ऋतुजा. हे खरंय... चालंल का?"

ऋतुजानं वही उघडली. "आधी नोंद करू द्या. वेळ?"

"बावीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो."

"मदत?"

"कुणाचीच न्हाई," अप्पा गुरगुरले.

तिनं ते नीट लिहून घेतलं, तारीख टाकली, वही मिटली. मग अप्पांच्या हातून पुडा घेतला आणि दोऱ्याच्या कानात आपलं बोट अडकवलं.

"खुळखुळा तुमच्याकडंच राहू द्या," ती सोमेश्वरला म्हणाली. "आणि रविवारी पिंगळीला या. बाबांना काय विचारायचं ते तुमच्याच तोंडानं विचारा."