अडीनडीची कडी

कोल्हापुरातल्या गाड्या बिघडायच्या बंद झाल्या आणि आप्पा खराड्यांचे वाईट दिवस सुरू झाले.

आप्पा निवृत्त भूगोल शिक्षक. वर्गात त्यांनी जन्मभर नद्या आणि पठारं शिकवली, पण जीव सगळा गाडीत. रविवारी सकाळचा चहा झाला की जुना लेंगा आणि भोकाभोकांचं बनियन घालून ते पार्किंगमध्ये उतरायचे, आपल्या म्हाताऱ्या पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडायचे आणि जेवायची हाक येईपर्यंत कोपरापर्यंत ग्रीस माखून घ्यायचे. त्यासाठी गाडीला काही झालेलं असायलाच हवं, असं मुळीच नव्हतं. सोसायटीतले आणखी काहीजण याच जातकुळीचे. दातांचे डॉक्टर मंडलिक तर दवाखान्यातला तोंडात घालायचा छोटा आरसा आणायचे आणि मान जात नाही तिथे तो घालून तेलाची गळती शोधायचे. त्यांच्या पेशंटांना हे ठाऊक नव्हतं हे बरंच होतं. या टोळीनं स्वतःचं बारसंही करून घेतलं होतं, पाना-पक्कड मंडळ.

मंडळाची एक रीत होती. तिला ते चाळवणी म्हणायचे. गाडीत जे जे हलू शकतं ते रविवारी एकदा हलवायचं, मग त्याची गरज असो वा नसो. बोल्ट ढिला करायचा आणि पुन्हा आवळायचा, बिजागरी उघडमीट करायची, स्टेपनी काढून परत ठेवायची. सगळं जोडून झालं की एखादा स्क्रू हमखास जमिनीवर उरायचा आणि तो आपल्या गाडीचा नाही, हे प्रत्येकजण छातीठोकपणे सांगायचा.

मग बाजारात भरलोह आलं. हाताला कापलं तर जखम आपोआप भरून येते, तसं हे लोखंड आपली चीर आपणच भरून काढायचं, म्हणून भरलोह. त्यात एका मऊ धातूचे कण मिसळलेले असत. चीर पडली की तिच्या दोन्ही काठांकडून हे कण सरकत सरकत पुढे यायचे, एकमेकांना भेटायचे आणि मधली फट बुजवून टाकायचे. त्याला भट्टी लागत नसे की वेल्डिंग लागत नसे. लागायची ती फक्त विश्रांती. दिवसभर खड्ड्यांतून आपटलेली गाडी रात्रभर स्वस्थ उभी राहिली की सकाळी पुन्हा धडधाकट. बघता बघता गाड्याच काय, पूल, लिफ्टा, दवाखान्यांतल्या खाटा, सगळं भरलोहाचं झालं. गॅरेजवाल्यांनी चहाची दुकानं टाकली.

आणि हे भरलोह ज्या प्रयोगशाळेत जन्मलं, तिथल्या मुख्य शास्त्रज्ञांपैकी एक होती आप्पांची सून, डॉ. तेजल. घरातच असं झाल्यावर आप्पांनी तक्रार तरी कुणाकडे करायची?

तेजलची स्वतःची गाडी अर्थातच भरलोहाची होती. तिच्या प्रत्येक झाकणावर कंपनीनं निळी पट्टी चिकटवलेली होती. ती फाटली की हमी संपली. एका रविवारी तेजल खाली आली तर आप्पा त्या पट्टीवरून बोट फिरवत उभे.

"आप्पा, काय करताय?"

"काय न्हाई गं. निस्ता बघायलोय."

"बघायला पाना लागतो?"

"हातात असला की बरं वाटतं."

तेजलला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "आप्पा, या गाडीत दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. खरंच नाही."

"त्येचंच तर वाईट वाटायलंय. येवढी देखणी गाडी, आणि कुणी हातसुद्धा लावायचा न्हाई." आप्पांनी पाना खिशात घातला. "बरं, मला एक सांग. चीर पण फटच आणि सांधा पण फटच. मग कुठली बुजवायची आणि कुठली सोडायची, हे तुझ्या लोखंडाला कळतंय कसं?"

वर्गातला हुशार विद्यार्थी विचारील असा तो प्रश्न होता. तेजलला तो आवडला. "त्याला कळत नाहीच. म्हणून आम्ही सांध्यांना आतून एक लेप देतो. लेप असला की कण पलीकडे जात नाहीत. प्रयोगशाळेत आम्ही अशीच एक कडी यंत्राला लावली आणि दिवसरात्र उघडमीट, उघडमीट करत ठेवली. लाखो वेळा झाली असेल. शेवटपर्यंत लोण्यासारखी चालत होती."

"मग झालं तर," आप्पा म्हणाले. त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

"तुम्ही हात लावणार नाही ना? शब्द द्या."

आप्पांनी शब्द दिला.

पुढे काही दिवसांनी तेजलच्या गाडीच्या मागच्या बाजूनं बारीक खडखड येऊ लागली. तिनं कंपनीला कळवलं. कंपनीचा माणूस आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि भरलोहाच्या गाडीतून असा आवाज येऊच शकत नाही, असं सांगून गेला. आप्पा त्या दिवशी वर्तमानपत्र जरा जास्तच मन लावून वाचत होते.

एप्रिलमधला रविवार होता. तेजल आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, रेवाला, पोहण्याच्या शिकवणीहून घेऊन आली आणि सोसायटीच्या अंगणात गाडी उभी केली. पार्किंगमध्ये मंडळ नेहमीसारखं आप्पांच्या गाडीभोवती वाकलेलं होतं. तेजलनं दार उघडायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. समोरचा पडदा काळा झाला, पंखा थांबला आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. बॅटरीत कुठेतरी तारेला तार लागली होती. सीटखालून करडा धूर वर येऊ लागला.

तेजल घाबरली नाही. गाडीतली वीज गेली तर हातानं दार उघडता यावं म्हणून प्रत्येक दाराच्या तळाशी एक लाल कडी असे. तिला सगळे अडीनडीची कडी म्हणत. तिनं वाकून कडी ओढली.

कडी हलली नाही. अडकलेली वस्तू निदान थोडी तरी हलते, ही केसभरही हलली नाही. तेजलनं दोन्ही हात लावले, पाय दाराला टेकवून ओढलं. बोटं सोलवटली. रेवाच्या दाराची कडी ओढली, तीही तशीच.

"आप्पा!" ती काचेवर हात आपटत ओरडली.

मंडळ धावत आलं. हत्यारांचा काय तोटा! डॉक्टर मंडलिकांनी हातोडा घातला. काच पांढरीफटक झाली, पण जागची सुटली नाही. न फुटणारी काच हे गाडीचं मोठं कौतुक होतं. कुणी अग्निशमन दलाला फोन लावला. आप्पांनी पहार आणून दाराच्या फटीत घातली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. दार त्यांच्या सुनेनं बनवलेल्या लोखंडाचं होतं, ते कशाला वाकतंय!

"तेजल, कडी वड! ती लाल कडी!"

"ओढतेय आप्पा! हलतच नाही!"

आत धूर दाटला. तेजलनं पाण्याच्या बाटलीनं ओढणी भिजवली आणि रेवाच्या नाकातोंडावर धरली. बाहेर सासऱ्यांचा चेहरा त्या पांढऱ्या काचेतून नीट दिसतही नव्हता. रेवाला धाप लागली होती. माझ्या हातानं बनवलेल्या लोखंडात माझी पोर गुदमरतेय, एवढं एकच तिच्या डोक्यात येत होतं.

"आप्पा, डिकी!" डॉक्टर मंडलिक एकदम ओरडले. "डिकीची कडी तुम्ही खोललेली न्हाई का!"

आप्पांनी पहार टाकली. ते मागे धावले, नंबराच्या पाटीखाली हात घातला आणि तिथली अडीनडीची कडी ओढली. खडखड करत डिकी उघडली. आप्पा डोक्याकडून आत शिरले, मागच्या सीटची पाठ खांद्यानं रेटून पाडली आणि धुरात हाताला लागला तो रेवाचा दंड धरून तिला बाहेर खेचलं. तिच्यामागून कोपरांवर सरपटत तेजल बाहेर आली. मग मंडळानं वाळूच्या बादल्या ओतल्या आणि तेवढ्यात बंबही आला.

"मम्मी, मी लई घाबरलो हुतो!" रेवा अस्सल कोल्हापुरीत म्हणाली आणि खोकत खोकत रडायला लागली. तिचं रडणं इतकं खणखणीत होतं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेजलनं तिला छातीशी घट्ट धरलं आणि तिथेच फरशीवर बसून राहिली. आयुष्यात इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. आप्पा पालथ्या बादलीवर बसून चारचौघांत ढसाढसा रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. डॉक्टर मंडलिकांनी आपला तो आरसा धुऊन रेवाच्या घशात बघितलं.

"घसा चांगला आहे," ते म्हणाले. "खालचा एक दात मात्र हलायलाय."

त्यावर सगळे इतके हसले की बंबावरची माणसं चकित होऊन बघत राहिली.

साखरपाणी पिऊन झाल्यावर तेजलनं विचारलं, "आप्पा, डिकी कशी उघडली?"

आप्पांनी नाक पुसलं. "तू पुण्याला मीटिंगला गेलतीस तवा पट्टी वाफेवर अलगद सोडवून जरा खोलून बघितली. आत कशी हाय, येवढंच बघायचं हुतं. तर तुझ्या लोखंडाचा बोल्ट हातातनं सुटला आणि गटाराच्या जाळीत गेला. मग माझ्या गाडीचा एक जुना बोल्ट हुता, त्यो घातला. जरा बारीक हाय."

"म्हणून खडखड!"

"म्हणूनच. चुकलं माझं. शब्द दिल्ता."

तेजल हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाकून तिनं आप्पांच्या ग्रीसनं माखलेल्या पायांना हात लावला. "तुम्ही सगळी गाडी का नाही खोलली?"

गाडी गार झाल्यावर तिनं मंडलिकांचा आरसा मागून घेतला आणि डिकीतून आत जाऊन आपल्या दाराच्या तळाशी धरला. लाल कडी आणि तिची खोबण यांच्यात बारीकशी रेघ असायला हवी होती. आरशात रेघ दिसली नाही. कडी आणि दार एकच सलग लोखंड झालं होतं.

"बुजली," ती बाहेर येऊन म्हणाली. "कणांनी लेप ओलांडला. हळूहळू, गाडी घेतल्यापासून."

"पण तुम्ही तपासलेलं न्हवं? लाखो वेळा?" आप्पांनी विचारलं.

"तिथेच चुकलो. यंत्र कडी सारखी हलवत होतं, त्यामुळे कणांना विश्रांतीच मिळाली नाही. जुळायला आले की घासून निघत होते. दार रोज उघडतं, म्हणून दार चांगलं राहिलं. ही कडी कुणी कधी हलवलीच नाही. तुमचा बोल्ट साध्या लोखंडाचा, त्यात ढिला. तो एका जागी स्थिर बसलाच नाही, म्हणून डिकीची कडी मोकळी राहिली."

"मग न हलवता किती दिवस चालती, हे बघायचं कसं? बघायला गेलं की हलवावी लागणारच की."

"हो," तेजल म्हणाली. हा विचार प्रयोगशाळेतल्या एकाही माणसाच्या मनात आला नव्हता, तिच्याही नाही.

आप्पांची कळी मात्र खुलली होती. "मग औषध सोपं हाय! आठवड्यातनं एकदा चाळवणी. आम्ही हाय की!" आणि पाना घेऊन ते उठलेच. थोड्या वेळात सोसायटीतल्या निळ्या पट्ट्या टराटर फाटू लागल्या. नव्या गाड्यांच्या कड्या करकरत सुटत होत्या, जुन्यांच्या सुटत नव्हत्या. तिथे आप्पा करवत चालवत होते आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून शीळ ऐकू येत होती.

तेजल पायरीवर बसून ते बघत होती. रेवा तिच्या मांडीवर झोपली होती, श्वास शांत चालला होता. आता कंपनीला कळवायचं, सगळ्या गाडीवाल्यांना सांगायचं. नाचक्की होईल, होऊ दे. पोर मांडीवर आहे, आणखी काय हवं? भरलोहाच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंची तिला काळजी नव्हती, त्या हलत्या होत्या. बुजत होत्या त्या फक्त वाईट दिवसासाठी राखून ठेवलेल्या वस्तू.

हे मनात आलं आणि तिचा रेवाच्या केसांवरून फिरणारा हात थांबला. गावाबाहेर मुलींचं नवं वसतिगृह झालं, तेव्हा भरलोह गंजत नाही, मोडत नाही, असं पटवून तिनंच तिथे ते आग्रहानं वापरायला लावलं होतं. तिनं तिथल्या अधीक्षिकांना फोन लावला.

"मॅडम, मागच्या जिन्यावर आगीच्या वेळी उघडायचे दरवाजे आहेत ना, ते शेवटचे कधी उघडले होते?"

"छे हो डॉक्टर!" पलीकडून समाधानानं भरलेला आवाज आला. "एवढ्या मुली राहतात, पण देवाच्या दयेनं आजवर एकदाही तशी वेळ आली नाही."