तांब्यातला तळहात

करडीहून कंपनीची गाडी सकाळी निघायची तेव्हा धानाच्या बांध्यांवर धुकं असायचं. रक्षा खिडकीशी बसे. शेजारची जागा कंपनीतल्या तिच्या मैत्रिणीची, उर्वशीची. ती कामावरच वारली त्याला वर्ष होत आलं होतं, तरी तिथे दुसरं कुणी बसलं की रक्षा खिडकीकडे तोंड फिरवायची.

कंपनी तुमसर रोडला. कॉम्प्युटरच्या पोटात बसतात त्या हिरव्या पाट्या तिथे बनत. रक्षाचं काम पिवळ्या खोलीत. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेल्या पाटीवर निळा पापुद्रा चढवायचा, त्यावर रेघांची फिल्म ठेवायची आणि पाटी दिव्याच्या पेटीत सरकवायची. जिथे प्रकाश लागेल तिथे पापुद्रा घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो. मग रसायनाच्या फवाऱ्याखाली उघडं पडलेलं तांबं विरघळतं, आणि उरतात त्या रेघा. पांढरा उजेड पापुद्र्याला चालत नाही, म्हणून त्या खोलीला खिडकीच नव्हती आणि दिवे पिवळे होते. बाहेर ऊन रणरणत असो की मावळत असो, आत सगळं कावीळ झाल्यासारखं पिवळं. माणसांचे चेहरेसुद्धा.

त्या दिवशी रक्षाने फवाऱ्यातून आलेली पाटी भिंगाखाली धरली आणि तिचा हात थांबला. बारीक रेघांच्या मधोमध तांब्याचा एक तळहात उमटला होता. पाचही बोटं. तळव्यावरच्या रेषा नि रेषा.

सुपरवायझर प्रफुल्ल सर तिच्यावरच उखडले. "हातमोजे काहून नाही घातले?"

"घातले होते जी. हे पाहा ना."

"मंग हे काय, आपोआप आलं? असंच चाललं तं वर सांगा लागन मले. घरी बसशीन."

ते स्वतः उभे राहिले. नवी फिल्म उघडली, दिव्यापुढे धरून पाहिली. तिच्यावर एक डागही नव्हता. पाटी त्यांनी आपल्या हाताने पेटीत सरकवली, आपल्या हाताने फवाऱ्यातून काढली.

आता तळहात दोन होते. मनगटाकडचा भाग दाबून रुंद झालेला, बोटं फाकलेली. सगळं अंग टेकून दार ढकलावं, तसे. उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

रक्षाने उर्वशीची करंगळी ओळखली. ती वाकडी करंगळी रोज तिच्या शेजारी बसून डबा उघडायची.

प्रफुल्ल सरांनी पाटी उलटी ठेवली. "कोणाले सांगू नको," ते इतक्या हळू बोलले की पंख्याच्या आवाजात ते विरून गेलं.

रक्षाने ती पाटी डब्याच्या पिशवीत घातली. संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर ती थेट उर्वशीच्या आईकडे, चंद्रभागाबाईकडे गेली. म्हातारी अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने पाटी घेतली. त्या तळहातांवर आपले तळहात ठेवले.

"लहानपणी बंडीच्या चाकात आली होती करंगळी," ती म्हणाली. मग तळहात तसेच दाबून धरत, "दार ढकलून राहिली माही पोरगी."

"मावशी..."

"कंपनीनं सांगतलं, औषधाच्या खोलीत वासानं चक्कर येऊन पडली. दार उघडंच होतं म्हणे." तिने सूप बाजूला सारलं. "मले ते दार पाहाचं आहे, रक्षा."

दुसऱ्या दिवशी चंद्रभागाबाई गेटपाशी येऊन बसली. पहारेकऱ्याने दोनदा हटकलं, ती हलली नाही. तिला घालवायला म्हणून प्रफुल्ल सर बाहेर आले. तिच्या मांडीवरची पाटी पाहिली आणि मान खाली घालून तिला आत घेऊन गेले. रक्षा मागोमाग गेली.

औषधाची, म्हणजे रसायनांची, खोली अगदी मागे होती. लोखंडी दार, आणि कडी फक्त बाहेरून. आतून नुसता गुळगुळीत पत्रा.

"वास बाहेर येते म्हणून सगळेच कडी लावत होतो," प्रफुल्ल सर म्हणाले. "मीही लावत होतो. त्या दिवशी कोणं लावली... खरंच ठाऊक नाही, माय. उर्वशी आत आहे हे कोणाच्या ध्यानातच नाही आलं."

दार आतून राखाडी रंगवलेलं होतं. पण छातीच्या उंचीवर दोन जागी उघडं लोखंड दिसत होतं.

"किती खेपा रंग मारला. तेथं धरतच नाही..." सर म्हणाले.

म्हातारी त्या दोन जागांसमोर उभी राहिली. आतल्या वासाने तिचे डोळे वाहत होते. तिने दार बाहेर लोटलं, सताड उघडलं आणि अंधाऱ्या खोलीकडे वळून म्हणाली, "निघ वं माय आता. मोकळं आहे दार."

प्रफुल्ल सरांनी त्याच दुपारी बिजागऱ्या खोलून दार काढलं. कडीची गोष्ट त्यांनी पोलिसांपुढेही सांगितली. नोकरी गेली त्यांची. उर्वशीची चौकशी नव्याने सुरू झाली. पाट्या साफ निघू लागल्या आणि रक्षाला वाटलं, सुटली बाई एकदाची.

मग एका दुपारी फवाऱ्यातून एक पाटी आली. उर्वशीचाच हात. पण तो आता काही ढकलत नव्हता. वरच्या बाजूला ताणलेला, बोटं काहीतरी धरायला पसरलेली. आणि त्याच्या मनगटाला दुसऱ्या एका हाताने धरलं होतं. त्या हाताची बोटं फार लांब होती. मनगटाला पुरा वेढा घालून ती पुन्हा वर आली होती. त्यांच्यावर एकही रेष नव्हती.

रक्षाने पाटी पुन्हा भिंगाखाली धरली. त्या खोलीत उर्वशी एकटीच होती, असंच सगळे सांगत आले होते.

पुढच्या पाटीवर खालच्या कडेला उर्वशीच्या फक्त चार बोटांची टोकं दिसत होती, शेवटचं वाकडं.

संध्याकाळी चंद्रभागाबाई गाडीच्या थांब्यावर वाट पाहत होती. "आता तं साफ निघते ना वं पाट्या?"

"हाव मावशी. साफ निघते."

ते पुरतं खोटंही नव्हतं. त्या दिवसाच्या शेवटच्या पाटीवर हात नव्हता. तांब्यात फक्त चार ओरखडे होते, वरून खाली गेलेले. आणि ते पाटीच्या कडेपाशी थांबले नव्हते, पाटीखालच्या टेबलावरही उतरले होते.