गुळगुळीत बांगड्या

पोखर्णीला नरसिंहाच्या देवळाबाहेर शिवकन्या ऊन चुकवायला एका पालाखाली शिरली, अन् ते पाल निघालं बांगडीवाल्याचं. हरिओम कासारानं मान वर केली, हसला… आणि हात मागितला. धंदाच त्याचा तो.

सोबत आलेल्या चतुराकाकूनं मागून चिमटा काढला, बाही खाली ओढ म्हणून. शिवकन्येनं ती उलट कोपराच्या वर सारली अन् हात त्याच्या हातात दिला. मनगटापासून कोपरापर्यंत लालसर चट्टे, त्यावर पांढरी खपली. सोरायसिस. बांगड्या भरायला बसलेल्या बाया पदर सावरून लांब सरकल्या, जशी काही ही त्यांना चावणारच होती.

"लागट न्हाई हे," शिवकन्या ठसक्यात म्हणाली. "भ्या वाटत आसंल तर सोडा हात."

त्यानं सोडला नाही. "काय लावता यावर?"

असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. तिनं सांगितलं – आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच बिनवासाचं, कातडी मऊ ठेवणारं मलम. ते मुरलं की चट्ट्यांवर तेवढं औषधाचं. काकूच्या मते साधं मलम म्हणजे नुसते नखरे. पण ते सोडलं की कातडी तडकते, आग होते. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही लावायला सांगितलं, ते काय उगीच?

हरिओमनं बांगडी सरकवायचा साबण बाजूला सारला, तिच्याच पिशवीतलं साधं मलम मागून घेतलं. चमकीच्या बांगड्या टोचतील म्हणून गुळगुळीत निवडल्या, एक माप मोठ्या. अन् भरल्या अशा हळू, की… गिऱ्हाइकं उठून गेली तरी त्यानं वळून बघितलं नाही.

मग बोरी गावच्या आठवडी बाजारात हरिओमचं पाल लागलं, की दर खेपेला शिवकन्येची एखादी बांगडी फुटलेलीच असायची.

"मुद्दाम फोडता तुमी," तो म्हणायचा.

"मग चांगल्या विका की."

एका बाजारी काकूनं चारचौघींत टोमणा मारला, की हिचा लग्नातला हिरवा चुडा भरायला कोण कासार तयार होणार? शिवकन्येनं हरिओमकडं बघितलं.

"मी न्हाई भरणार," तो म्हणाला.

मान खाली घालणारी ती नव्हेच. "का? आता भ्या वाटायलंय?"

"नवरदेव कुठं चुडा भरीत आसतो व्हय? माझी आई भरंल… तुमी हो म्हणलात तर."

शिवकन्येनं बाही वर सारली, हात पुढं केला.

"आईला सांगा, साबण नगं. मलम माझ्याजवळ हाय."